लिटल डॉट एमके टू: हेडफोनचा व्हॉल्व्ह ॲम्प स्पीकरच्या कामाला लावताना

व्हॉल्व्हचा स्वतंत्र प्रीॲम्प (पॉवर ॲम्पच्या आधी बसून आवाज कमी-जास्त करणारं यंत्र) घ्यायचा तर खिसा चांगलाच हलका होतो. मग नजर जाते ती लिटल डॉट एमके टूसारख्या हेडफोन ॲम्पच्या पाठीवरच्या प्रीआउटकडे, म्हणजे पॉवर ॲम्पला जोडायच्या आउटपुटकडे. दोन ६जे१ आणि दोन ६एन६ व्हॉल्व्ह, आउटपुट ट्रान्सफॉर्मर नाही, पुढे एकच व्हॉल्यूमचा नॉब, मागे एक जोडी इनपुट आणि एक जोडी आउटपुट. वजन तीन किलोच्या आसपास. म्हणजे प्रीॲम्पला जे लागतं ते सगळं आहे. उलट जरा जास्तच आहे, आणि खरी अडचण तीच.

आधी हिशेब. डॅकच्या (डिजिटल गाण्याचा ॲनालॉग सिग्नल करणाऱ्या यंत्राच्या) आरसीए सॉकेटमधून पूर्ण आवाजाला २ व्होल्ट येतात. एमके टूचा गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो तो आकडा, कंपनीकडून येतो तेव्हा १० पट असतो, म्हणजे २० डीबी (डेसिबल). नॉब पूर्ण फिरवला तर २० व्होल्टची मागणी होते, आणि समोरच्या पॉवर ॲम्पला पूर्ण ताकदीसाठी लागतो एखादा व्होल्ट. टीपीए३११६ चिपच्या छोट्या क्लास डी (स्विचिंग पद्धतीच्या) ॲम्पना, त्यांचा स्वतःचा गेन जास्त असेल तर, त्याहूनही कमी. परिणामी घड्याळात आठ वाजतात तिथे नॉब आला की शेजारी दार ठोठावतात. नॉबच्या त्या पहिल्या चतकोर भागात डावी-उजवी बाजू सारखी चालत नाही. गायकाचा आवाज मधोमध न येता एका स्पीकरकडे कलतो आणि लोक व्हॉल्व्हला दोष देत बसतात. दोष व्हॉल्व्हचा नाही, नॉबमागच्या पोटेन्शिओमीटरच्या सुरुवातीच्या टोकाचा आहे.

यंत्राच्या पोटाखाली गेनचे छोटे स्विच आहेत: ३, ४, ५ आणि १०. प्रीॲम्प म्हणून वापरताना ३ वरच ठेवा. यंत्र बंद करून, प्लग काढून आणि थंड झाल्यावरच ते उलटं करा. आत शंभर व्होल्टच्या वरचा डीसी असतो आणि कपॅसिटर काही काळ तो धरून ठेवतात, त्यामुळे झाकण उघडण्याच्या भानगडीत पडू नये. गेन ३ म्हणजे साडेनऊ डीबी. नॉब नऊपर्यंत येतो. बरं झालं, पण पुरेसं नाही.

पुढचा उपाय चार रेझिस्टरचा. प्रत्येक बाजूला १० किलोओहम मालिकेत, आणि त्यानंतर सिग्नल व अर्थ यांच्यामध्ये ३.३ किलोओहम. सुमारे १२ ते १३ डीबी उतरतात. नेमका आकडा पॉवर ॲम्पच्या इनपुट इम्पीडन्सवर (तो सिग्नलला किती अडवतो त्यावर) ठरतो. आता गेन ३ वर नॉब पूर्ण फिरवला तरी साधारण १.३ ते १.५ व्होल्टच पुढे जातात, आणि रोजच्या ऐकण्याला नॉब अकरा ते एकच्या दरम्यान येतो. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत हे रेझिस्टर काही रुपयांत मिळतात. पाव वॉटचे, एक टक्क्याचे मेटल फिल्म असंच स्पष्ट मागा, नाहीतर हातात कार्बनचे पडतील. धातूच्या टोपणाच्या आरसीए पिना घेतल्या तर दोन्ही रेझिस्टर पिनेच्या पोटातच सोल्डर होतात. ही पिन पॉवर ॲम्पच्या टोकाला लावायची, प्रीॲम्पच्या नव्हे.

हा पॅड, म्हणजे सिग्नल उतरवणारी ही रेझिस्टरची जोडी, प्रीॲम्पच्या नंतरच हवी, आधी नको. आधी लावला तर फक्त गाणं लहान होतं. व्हॉल्व्हचा फुसफुसाट आणि पॉवर सप्लायची गुणगुण आहे तेवढीच राहते. नंतर लावला की गाण्याबरोबर तीही १२ डीबी खाली जाते. हेडफोनमध्ये कानाआड होणारी गुणगुण संवेदनशील स्पीकरवर रात्री अकराला स्पष्ट ऐकू येते, त्यामुळे या यंत्रावरचा सगळ्यात मोठा सुधार महागडा व्हॉल्व्ह नसून हे चार रेझिस्टर आहेत.

गुणगुण (हम) उरलीच तर तिचा स्वर ओळखा. १०० हर्ट्झची, जराशी खरखरीत असेल तर ती पॉवर सप्लायची. जाड, खालची ५० हर्ट्झची असेल तर बहुधा अर्थिंगचं वेटोळं: संगणक, डॅक आणि ॲम्प वेगवेगळ्या बोर्डांवर जोडलेले असतात. सगळं एकाच एक्स्टेन्शनवर घ्या. तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन मोडून हम घालवण्याचा सल्ला देणारे भेटतात. व्हॉल्व्हच्या यंत्राला तसं करणं म्हणजे जिवाशी खेळ. पेठांतल्या जुन्या वायरिंगमध्ये अर्थिंग नसलेले दोन पिनांचे सॉकेट अजून दिसतात, तिथे आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, मग गाणी. आणि हो, हमची तपासणी गाणं थांबवून करा. तंबोरा चालू असताना हम सापडत नाही, तो तंबोऱ्याच्या पोटात लपतो.

विजेचा मुद्दा आपल्याकडे खास महत्त्वाचा. यंत्र २२० व्होल्टचं आहे, आणि घरात २३० येते. रात्री भार उतरला की २४० च्या पुढे. व्हॉल्व्हच्या हीटरला ६.३ व्होल्ट हवेत. २४० वर तेच ६.८७ होतात, म्हणजे नऊ टक्के जास्त. २४५ वर दहा टक्क्यांची मर्यादा ओलांडली जाते. आवाज लगेच बिघडत नाही, आयुष्य मात्र घटतं. मल्टिमीटरने दोन-तीन रात्री सॉकेट मोजा. सतत २४० च्या वर असेल तर छोटा व्हेरिॲक (व्होल्टेज हवं तेवढं करता येणारा ट्रान्सफॉर्मर) लावून २२० वर आणा. रिले वाजणारा स्वस्त स्टॅबिलायझर नको, त्याची प्रत्येक टकटक स्पीकरमध्ये येते. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मर घुमतो. वीज गेली की हे यंत्र बंदच ठेवा.

पहिल्यांदा जोडण्यापूर्वी प्रीआउटवर पॅड लावून, पाच मिनिटं तापू देऊन डीसी मोजा. काही मिलिव्होल्ट ठीक. व्होल्टमध्ये आकडा दिसला तर कपॅसिटर गळतोय, पुढे पॉवर ॲम्प आणि स्पीकर जोडूच नका. चालू करताना क्रम असा: आधी डॅक, मग व्हॉल्व्ह ॲम्प, एक मिनिट थांबून पॉवर ॲम्प. बंद करताना पॉवर ॲम्प पहिला. हा क्रम चुकला की आउटपुट कपॅसिटर भरताना जो ‘धप्प’ निघतो तो थेट वूफरवर जातो. हेडफोन लावल्यावर मागचा आवाज बंद होतो की चालूच राहतो, तेही आपल्या यंत्रावर एकदा पाहून घ्या.

बास कमी झाल्याची तक्रार असेल तर पॉवर ॲम्पकडे बघा. टीपीए३११६ चा इनपुट इम्पीडन्स गेनप्रमाणे बदलतो: २० डीबीला ६० किलोओहम, २६ ला ३०, ३२ ला १५, ३६ ला फक्त ९. बोर्डवर इनपुटला ०.४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल आणि गेन ३६ वर असेल, तर ३८ हर्ट्झपासूनच खालचा आवाज उतरू लागतो. तबल्यातल्या डग्ग्याचा घुमारा तिथेच थोडा हलका पडतो. बोर्डचा गेन २० वर आणला की तो परत येतो, आणि वरचा हिशेबही सोपा होतो.

आवाजाबद्दल थोडक्यात. कोरड्या क्लास डी ॲम्पसमोर मधला पट्टा भरतो, गायकाचा श्वास आणि सारंगीच्या गजाचं घासणं जवळ येतं. झांजेची धार किंचित बोथट होते. मुळातच मऊ असलेल्या ॲम्पसमोर मात्र हे गोडात साखर घालणं होतं.

व्हॉल्व्ह बदलायचे तर ६जे१ च्या जागी ६एके५, ५६५४, एम८१०० आणि रशियन ६Ж१П बसतात. हे सगळे ईएफ९५ घराण्यातले, जम्परही (जोडणी बदलणारी छोटी टोपीही) त्याच जागी हवा. ईएफ९२ लावायचा तर जम्पर बदलावा लागतो, कारण पायांची जोडणी वेगळी. घेताना पेन्सिलच्या मागच्या रबराने काचेवर हलकी टिचकी मारा. स्पीकरमध्ये ‘टिंग’ लांबत राहिला तर तो व्हॉल्व्ह मायक्रोफोनिक आहे. हेडफोनला हे चालून जातं. स्पीकर त्याच फळीवर असतील तर कंपनं व्हॉल्व्हमधून पुन्हा ॲम्पमध्ये शिरतात आणि बास चिखलासारखा होतो. ॲम्प वेगळ्या फळीवर ठेवा, वर वीतभर मोकळी जागा सोडा. पावसाळ्यात व्हॉल्व्हचे पाय काळवंडतात. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि व्हॉल्व्ह दोनदा आत-बाहेर, एवढं बास.

रिमोट नाही. इनपुट एकच, त्यामुळे टर्नटेबल आणि डॅक दोन्ही वापरणाऱ्याला बाहेरून सिलेक्टर लागेल. परदेशातून मागवताना सीमाशुल्क, आयजीएसटी आणि कुरिअरचा आकार धरूनच किंमत ठरवा. हेडफोन कधीच लावत नसाल आणि डॅकलाच व्हॉल्यूम असेल, तर हे यंत्र घेऊ नका. तीनशे ओहमचे हेडफोन घरात आहेत आणि संध्याकाळी स्पीकरही वाजवायचेत, अशांनी घ्यावं, आणि त्याच दिवशी रेझिस्टरही आणावेत.