चकतीचं दुखणं: सुई, उष्णता की शस्त्रक्रिया?

एमआरआयच्या अहवालात ‘चकती (दोन मणक्यांमधली गादी) बाहेर आली आहे, नस दबते आहे’ असं वाचलं की भल्याभल्यांचा धीर सुटतो. मग ‘बिनटाक्याचा इलाज’ सांगणारी पहिलीच जाहिरात खरी वाटू लागते. उपचाराची तारीख घेण्याआधी एक गोष्ट नक्की करा: जास्त काय दुखतं, पाय की कंबर? तंत्र नवं की जुनं, हा प्रश्न त्यानंतरचा.

नुसत्या अहवालावर जाऊ नका. पाठदुखी अजिबात नसलेल्या लोकांच्या तपासण्यांचा २०१५ साली एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांत चकतीची झीज आढळली. दुखण्याची जागा आणि चित्रातली जागा जुळली, तरच त्या चित्राला अर्थ आहे.

आधी पायाचं बघू. नितंबातून पोटरीपर्यंत वीज चमकावी तशी कळ जाते, मुंग्या येतात. हा सायटिका बहुतेकांचा ६ ते १२ आठवड्यांत बराच ओसरतो. गंमत म्हणजे पूर्ण फुटून बाहेर पडलेला तुकडा नुसत्या फुगलेल्या चकतीपेक्षा जास्त वेळा विरघळतो, कारण शरीरातल्या पेशी त्याला परका समजून खाऊन टाकतात. अहवालात भयंकर वाटणारी चकती कधीकधी अशी आपोआप आटते.

तोवरचे दिवस काढायला एपिड्युरल स्टेरॉइड इंजेक्शन उपयोगी पडतं. तुम्हाला पालथं झोपवतात, पोटाखाली उशी देतात, कातडी बधिर करतात आणि एक्स-रेच्या पडद्यावर बघत सुई नसेजवळ नेतात. औषध आत जाताना तीच ओळखीची कळ क्षणभर पायात उठू शकते. तेव्हा घाबरू नका, पण डॉक्टरांना लगेच सांगा. आराम मिळाला तर तो काही आठवडे ते दोन-तीन महिने टिकतो. चकती त्याने जागेवर जात नाही, नसेची सूज उतरते. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर चढते. नसांना गंभीर इजा होणं फार विरळा, पण अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ साली त्याबद्दल इशारा दिलेला आहे. मानेतल्या इंजेक्शनला धोका जास्त, तिथे दहा वेळा विचार करा.

शस्त्रक्रियेशी तुलना केली तर? ब्रिटनमधल्या २०२१ च्या एका चाचणीत १६३ सायटिका रुग्णांपैकी काहींना इंजेक्शन दिलं, काहींची चकती काढली. १८ आठवड्यांनी दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणून आधी इंजेक्शन, हे मला पटतं. पण वाट बघण्यालाही किंमत असते. नेदरलँड्समध्ये २००७ साली २८३ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांचं दुखणं वाट बघणाऱ्यांपेक्षा लवकर थांबलं. वर्षाअखेरीस दोन्ही गटांतले सुमारे ९५ टक्के बरे होते, मात्र वाट बघणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांना शेवटी शस्त्रक्रिया करावीच लागली. ज्याला रात्र रात्र झोप नाही, त्याला ‘वर्षभर थांबा’ म्हणणं क्रूरपणाचं आहे.

इंजेक्शन आणि शस्त्रक्रिया यांच्या मधले उपाय म्हणजे सुईतून चकतीचा गर कमी करणं: न्यूक्लिओप्लास्टी, ओझोन वगैरे. हे चकतीचं बाहेरचं कडं शाबूत असेल तरच. तुकडा सुटलेला असताना कुणी हे सुचवलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. पपईच्या चिकातलं विकर (एन्झाइम) टोचून चकती विरघळवण्याचा उपाय अमेरिकेत १९८२ साली मंजूर झाला होता. जीवघेण्या ॲलर्जीच्या घटनांमुळे तो मागे पडला. दुर्बिणीतून चकती काढणं मात्र बिनशस्त्रक्रियेचं नव्हे. छेद लहान असला तरी ती शस्त्रक्रियाच, आणि निवडताना ती तशीच तोलावी.

आता पाय ठीक आणि कंबरच दुखते, बसलं-वाकलं की वाढते. इथे स्टेरॉइड इंजेक्शनचा भरवसा कमी, शस्त्रक्रियेचाही कमी. चकतीत तापती तार घालण्याचा उपाय एके काळी गाजला. ऑस्ट्रेलियात २००५ साली खोट्या उपचाराशी तुलना केली, तर फायदा दिसला नाही. पीआरपी (स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचं इंजेक्शन) आणि स्टेम सेल यांचा पुरावा अजून कच्चा आहे, तरी जाहिरात सर्वांत मोठी त्यांचीच. या गटात मला आशा वाटते ती मणक्याच्या हाडातली बारीक नस उष्णतेने निकामी करण्याबद्दल. सहा महिन्यांहून जुनं दुखणं आणि एमआरआयवर चकतीलगतच्या हाडात ‘मोडिक’ बदल, प्रकार १ किंवा २, असतील तरच हा उपाय. अभ्यासांना यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा पैसा होता, हेही लक्षात ठेवा. मोडिक बदल नसतील, तर व्यायामावर नेटाने भर देणं जास्त शहाणपणाचं.

लघवी अडली, गुदद्वाराभोवती बधिरपणा आला किंवा पाऊल लुळं पडत चाललं, तर यातला कोणताही पर्याय तोलत बसू नका. त्याच दिवशी तातडीच्या विभागात जा. आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असाल, तर कुठल्याही सुईआधी ते सांगा. स्वतःच्या मनाने त्या बंद करू नका.