रिगर ब्रश आणि किनाऱ्यावरचे सुरू : वर्षभराच्या वापरानंतर

दोन नंबरचा सिंथेटिक रिगर घेतला तो केवळ चित्रात सुरूची झाडं काढण्यासाठी. मधला पावसाळा धरून वर्ष होत आलं, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

रिगर म्हणजे लांब, बारीक केसांचा ब्रश. पूर्वी चित्रांतल्या शिडाच्या जहाजांचे दोर काढायला वापरत. रंग भरपूर धरतो, त्यामुळे वीतभर फांदी एका दमात निघते. त्याच जाडीच्या साध्या गोल ब्रशचा रंग मध्येच संपतो. रिगर हाताचं पूर्ण ऐकत नाही, टोक मागे रेंगाळतं. वाऱ्याने पिळलेल्या फांदीला नेमकं तेच हवं असतं. दांडा शेवटाला धरायचा, मनगट न हलवता खांद्यातून हात फिरवायचा, रेघ बुंध्याकडून शेंड्याकडे ओढत अलगद उचलायची.

पण ब्रशआधी झाड बघा. काशीद, दिवेआगरला अगदी पुढच्या रांगेतल्या सुरूंची समुद्राकडची बाजू विरळ, कुठे कुठे बोडकीच असते. खारा वारा तिकडचे कोंब जाळतो, वाढ होते ती जमिनीच्या बाजूने. म्हणजे झाड नुसतं वाकलेलं नसतं, एकीकडून छाटलेलं असतं. दोन्हीकडे सारखा पिसारा आणि खोड तेवढं तिरकं काढलं, की झाड पडायला आलंय असं वाटतं. माड मात्र उजेडाच्या ओढीने बहुतेकदा समुद्राकडेच झुकतो. दोघं एका चित्रात आले की गंमत येते.

पाल्यासाठी रिगर निरुपयोगी. सुरूची पानं म्हणून दिसतात त्या खरं तर हिरव्या काड्या. एकेक काढत बसलात तर झाडाची केरसुणी होते. तिथे जुना चपटा ब्रश, निमकोरडा, खरखरीत कागदावर आडवा. रंग म्हणाल तर बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि जेमतेम सॅप ग्रीन (हिरवा). अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात, किनाऱ्यावरचा तो धुरकट करडेपणा आपसूक येतो.

तक्रार टोकाची. सहा-सात महिन्यांत केस हुकासारखे वळले. गरम पाण्यात बुडवून बोटांनी सरळ केले की काही दिवस चालतात, पुन्हा वळतात. सेबलचा, म्हणजे प्राण्याच्या केसांचा रिगर टिकेल, पण किंमत ऐकून मी गप्प बसलो. आणि पावसाळ्यात रेघ पसरली तर ब्रशला शिव्या देऊ नका. ओल धरलेला कागद टीपकागदासारखा रंग पितो. कॉटनचा 300 जीएसएमचा जाड कागद घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा.

नवा रिगर आणलाय, तोच, दोन नंबरचा. जुन्याच्या वाकड्या टोकाने वाळूवरची मर्यादवेल झकास निघते.