ट्रकवाल्यांचं चॅपल: आम्हीच पोचवलं, आता वापरतोय

आधी वस्तू कोणती ते सांगते. ५३ फुटी जुना रीफर ट्रेलर, म्हणजे भाजी-मांस थंड ठेवून नेणारा डबा, आतून बदलून केलेली प्रार्थनेची खोली. अमेरिकेत अशी चॅपलं ट्रकस्टॉपच्या कोपऱ्यात उभी असतात. मी आणि नवरा एकाच ट्रकवर आळीपाळीने चालवतो. पेनसिल्व्हेनियात तयार झालेलं हे चॅपल नेवाडापर्यंत आम्हीच ओढत नेलं, त्याला आता काही महिने झाले. फेरी त्या बाजूची असली की आठवड्याचे तास नव्याने मोजायला घ्यावी लागते ती ३४ तासांची विश्रांती आम्ही तिथेच काढतो.

ओढायला कसं? वजनाचा त्रास नाही, वाऱ्याचा भरपूर. मर्यादा ८०,००० पौंडांची, आमचं ट्रकसकट सगळं त्याच्या निम्म्याच्या आसपास. आयोवा, नेब्रास्का निवांत गेले. वायोमिंगमध्ये आय-८० हा रस्ता ८,६४० फुटांवर चढतो आणि पुढे एल्क माउंटनपाशी वारा आडवा झोडपतो. जोर वाढला की हलक्या, उंच गाड्यांना रस्ता बंद. भरलेले ट्रक शेजारून निघून गेले आणि आम्ही अलीकडच्या लॅरामी गावात बसलो. आत देवाचं घर आहे म्हणून कोणी सूट देत नाही.

खोली म्हणून मात्र मला ही आवडली. रीफरच्या भिंतीत मुळातच फोम भरलेला असतो, त्यामुळे थंडीत छोटा हीटरसुद्धा पुरतो. खालची खाचांची ॲल्युमिनियमची जमीन प्लायवूड आणि गालिच्याखाली झाकली आहे. आम्ही नगरकडचे ख्रिस्ती, मांडी घालून पेटीवर भजन म्हणणारे, आम्हाला खुर्च्या नसत्या तरी चाललं असतं. शेजारच्या रीफरचं इंजिन रात्रभर घुरघुरतं ते आत येतं, पण दबून.

खरी तक्रार पायऱ्यांची. ट्रेलरची जमीन रस्त्यापासून चार फुटांवर. वर्षानुवर्षं ट्रक चालवून गुडघे गेलेला माणूस बर्फाळ लोखंडी पायऱ्यांकडे बघतो आणि आपल्या केबिनमध्ये परततो. पायऱ्यांऐवजी उतार (रॅम्प) लावा म्हणाल, तर नियमाप्रमाणे एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते. म्हणजे ४८ फुटांचा उतार, जवळजवळ दुसरा ट्रेलरच! निदान दोन्ही बाजूंना कठडा आणि वर छप्पर द्यायला हवं होतं. दाराशी बूट काढायलाही जागा नाही. एक पंजाबी ड्रायव्हर बूट बाहेर काढून, डोकं झाकून आत येऊन बसला होता. निघाला तेव्हा बुटांत बर्फ.

रविवारच्या उपासनेला चार-पाच माणसं असली तरी खूप. याला पाळक जबाबदार नाहीत. ११ तास चालवलं की १० तास थांबायचं, आणि ते तास मोजणारं यंत्र वार बघत नाही. माणसं येतात मंगळवारी रात्री, घरून फोन आल्यावर. काही जण प्रार्थनाही करत नाहीत, नुसते कॉफी घेऊन बसतात. म्हणून असं चॅपल चांगलं की वाईट हे मी दार किती वेळ उघडं असतं त्यावरून ठरवते. इथे पाळक उशिरापर्यंत थांबतात, हे मोठंच.

एक कुरकुर ड्रायव्हरांचीही ऐकली: पार्किंगची आधीच मारामार, त्यात यांनी एक जागा अडवली. रात्री नऊनंतर जागा शोधत फिरलेल्या कोणालाही ही कुरकुर पटेल. मलाही पटते. कुंपणालगतच्या, ट्रक वळवता येत नाही अशा कोपऱ्यात हे हलवता येईल, नवऱ्याने तसं सुचवलंही आहे.

घ्यायचा विचार असलेल्यांना एवढंच सांगते: गावोगाव फिरवायचं असेल तर ५३ फुटी घेऊ नका, पिकअपमागे लागणारा छोटा ट्रेलर बघा. एका जागी ठेवायचं असेल तर रीफरच घ्या, साधा डबा नको. आणि उन्हाच्या गावात ठेवणार असाल तर टायर झाकून ठेवा, उभ्या गाडीचे टायर उन्हाने तडकतात. इथल्यांना चार महिन्यांत हलवायची वेळ आली नाही, पण कोपरा बदलायचा झाला तर ते लागणारच आहेत.