पंपाच्या ‘ड्रायव्हर’चे ४,८०० रुपये

सांगलीत लिनक्ससाठी लिक्विड कूलिंगवाला (पंपानं पाणी फिरवून प्रोसेसर गार ठेवणारा) पीसी जुळवून घेणार असाल तर आधी हे वाचा. दुकानाचं नाव लिहीत नाही, वकिलांनी नको म्हटलंय.

एकूण गेले १,४६,३०० रुपये. त्यात कूलरचे ११,५०० आणि ‘लिनक्स ड्रायव्हर पॅक’चे, म्हणजे लिनक्सवर कूलर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचे, ४,८००. हसू नका. उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, फुकट मिळतं हे मला कळतं, आठ वर्षं त्यावरच ब्लेंडरमध्ये बिल्डरांच्या फ्लॅटची चित्रं रेंडर करून पोट भरतोय. पण आजवर साधा एअर कूलरच वापरलेला. “कूलरचं सॉफ्टवेअर कंपन्या विंडोजपुरतंच देतात,” दुकानदार म्हणाला, आणि हे बहुतेक वेळा खरंही असतं. फक्त ते सॉफ्टवेअर दिवे आणि वेग बदलायला लागतं. पंपाला मदरबोर्डची वीज मिळाली की तो फिरतो. दिवे-वेग बदलायला लिनक्सवर लिक्विडसीटीएल आहे, तेही फुकट.

डिलिव्हरी घेताना स्क्रीनवर आलं होतं, ‘सीपीयू फॅन एरर, एफ१ दाबा’. “लिनक्स टाकलं की येतंच हे साहेब,” म्हणत त्यानं बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन त्या फॅनपुढं ‘इग्नोर’ करून टाकलं. माझ्या डोळ्यांदेखत! अहो, लिनक्स तोवर सुरू तरी झालं होतं का? फॅनच्या त्या जागी पंपच जोडलेला, म्हणजे मदरबोर्ड ओरडून सांगत होता की पंप फिरत नाहीये, आणि मी दुकानदाराचाच चहा पीत बसलेलो. बाहेर पाऊस, मुलगी गाडीत ताटकळलेली, म्हणून घाई. असो.

घरी पहिलाच रेंडर लावला, तापमान दाखवणारी सेन्सर्स कमांड मारली तर मिनिटभरात ९५ अंश. फोन केला. “रायझेन ७००० पंच्याण्णवलाच चालतो.” हेही अर्धं खरं, हा प्रोसेसर बनवणारी एएमडी स्वतःच तसं सांगते. पण रेडिएटरवर, म्हणजे गरम पाणी जिथं गार होतं त्या जाळीवर, तळहात ठेवला तर माठासारखा गार! पाणी फिरत असेल तर तो कोमट तरी लागायला हवा. मिरजेच्या मित्रानं कूलर उघडला. प्रोसेसरवर टेकणाऱ्या तांब्याच्या पट्टीच्या कडेला उष्णता वाहून नेणारी, वाळलेली जुनी पेस्ट, सिरीयल नंबरचं स्टिकर खरवडलेलं. दुसऱ्याच्या पीसीतून काढलेला माल.

पोलीस ठाण्यात हवालदारांनी विचारलं, “पंप किती एचपीचा?” समजावून सांगितल्यावर “हा दिवाणी मामला.” सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर म्हणाले, वस्तू मिळाली ना, मग ही ऑनलाइन फसवणूक नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार घेतली, दुकानदाराकडं पाठवली, त्यानं ‘सॉफ्टवेअर इश्यू’ लिहिलं आणि तक्रार बंद! चोरालाच विचारायचं, चोरी झाली का? आता जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंत फी नाही, पण बिल मागतात, आणि माझ्याकडं कोटेशनचा कागद, त्यावर लिहिलंय ‘मटेरियल’. जीएसटी बिलावर सिरीयल नंबर लिहून घेतल्याशिवाय यूपीआय करू नका.

सध्या ३,२०० च्या एअर कूलरवर काम चाललंय. “आणून द्या, बदलून देतो,” असे दुकानदाराचे दोनदा फोन आले. नेला नाही. मेलेला कूलर पिशवीत बांधून कपाटावर ठेवलाय, तेवढाच पुरावा आहे.