जुनी हार्ड डिस्क दुरुस्त करत बसायची की सरळ एसएसडी टाकायची?

कॉम्प्युटर रखडतोय म्हणून विंडोजचा टास्क मॅनेजर उघडला की डिस्क १००% बिझी आणि स्पीड बघाल तर जेमतेम सेकंदाला २ एमबी, असं दिसलं की दोनच रस्ते उरतात, आहे ती हार्ड डिस्क ठीकठाक करा नाहीतर एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) टाका.

ठीकठाक करणं फुकटात होतं म्हणून आधी तेच. पण पहिले स्मार्ट रिपोर्ट (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) बघा, रिअलोकेटेड (खराब म्हणून बदललेले) किंवा पेंडिंग (नीट वाचता न येणारे) सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे बारीक कप्पे, वाढत असतील तर डिफ्रॅग (विखुरलेल्या फाइली सलग लावणं) वगैरे अजिबात करू नका, डिस्क जायच्या मार्गावर आहे, डेटा कॉपी करून घ्या. नुसता सीआरसी एरर (डेटा येता-जाता होणारी चूक) वाढत असेल तर डिस्क बिचारी निर्दोष, बहुतेक वेळा साटा केबलचा, म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या वायरचा घोळ असतो (माझ्याकडे हेच निघालं, आणि मी दोन दिवस विंडोज परत टाकत बसलेलो). सगळं ओके असेल तर स्टार्टअपचे प्रोग्राम बंद करा, जागा मोकळी करा, डिफ्रॅग करा, फरक पडतो पण थोडाच.

कारण हेड (डेटा वाचणारा भाग) हलवून डेटा शोधायला हार्ड डिस्कला दरवेळी १० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात आणि विंडोजला तर हजारो बारीक फाइली हव्या असतात. एसएसडीत हलणारं काही नाहीच, साधी साटावाली पण सेकंदाला ५०० एमबीपर्यंत वाचते. क्लोन केलं, म्हणजे जुनी डिस्क जशीच्या तशी एसएसडीवर कॉपी केली, की विंडोज परत टाकायची कटकट पण नाही.

मी तर विंडोज एसएसडीवरच टाकेन, जुनी डिस्क धडधाकट असेल तर फोटो ठेवायला राहू दे. बॅकअप मात्र घ्याच, एसएसडी जाते तेव्हा खरखर आवाज पण करत नाही.