बटण सेलवर चालणारा जर्मन थर्मोस्टॅट

धायरीतल्या आमच्या रो-हाउसच्या गच्चीवर दहा बाय अकराची एक खोली आहे. आधी तिथे बिघडलेला कूलर, आईची घंगाळं आणि माझी डिप्लोमाची पुस्तकं होती. आता तिथे माझे पाच पाळीव साप राहतात, तीन बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक. मधल्या काळात माझे पावणेतीन लाख रुपये तिथून वाहून गेले, त्याची ही हकीकत. ज्याने ती खोली बांधून दिली त्या माणसाचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगात आहे आणि वकिलांनी तोंड आवरायला सांगितलंय. त्याची पद्धत सांगायला त्यांची मनाई नाही.

आधी स्वतःबद्दल सांगतो, म्हणजे मूर्खपणा केवढा ते नीट कळेल. मी भोसरीत एका प्लास्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे. एकेका मशीनच्या बॅरलवर पाच-सहा हीटर, प्रत्येकाला थर्मोकपल म्हणजे तापमान मोजणारी तार, प्रत्येकाचा वेगळा टेंपरेचर कंट्रोलर. चौदा वर्षं हेच करतोय. मला कुणी खोटा कंट्रोलर विकू शकेल असं कुणी बोललं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

सापांचा नाद वडिलांकडून आला. १९८० साली नीलिमकुमार खैरे पुण्यात ७२ विषारी सापांबरोबर काचेच्या खोलीत ७२ तास राहिले, तेव्हा बघायला जमलेल्या गर्दीत आमचे वडील होते. ही गोष्ट घरी इतक्यांदा झाली की त्या खोलीच्या काचा मी स्वतः पुसल्यासारखं वाटतं. पाळायला मात्र आपल्याकडचे साप नाहीत. धामण असो, अजगर असो, मांडूळ असो, घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, आणि ते बरंच आहे. माझे पाचही परदेशी जातींचे आणि पिंजऱ्यातच जन्मलेले. बॉल पायथन मूळचा आफ्रिकेतला, कॉर्न स्नेक अमेरिकेतला. केंद्र सरकारने २०२० मध्ये असे प्राणी आपणहून जाहीर करायची योजना काढली, तेव्हा तिन्ही पायथन मी जाहीर केले होते.

तरी बाहेर कुणाला सांगत नव्हतो. शेजारी भिंतीला भिंत लागून. कामाच्या मावशींना "मासे आहेत, दार उघडू नका" एवढंच सांगितलेलं. बायकोची अट एकच, उंदीर तिच्या फ्रीजमध्ये येणार नाहीत. तेव्हा फ्रोझन उंदरांसाठी एक छोटा डीप फ्रीझर वेगळा घेतला. पाच वर्षांत घरी आलेल्या एकाही माणसाने माझ्या सापाकडे बघून "किती सुंदर आहे" असं म्हटलं नाही. "ई" म्हणणारे भरपूर. पुढचं सगळं यातूनच आलं.

२०२४ च्या मार्चमध्ये एका पेट शोमध्ये हे गृहस्थ भेटले. तिथल्या एका सापाला त्यांनी उचललं ते बाजूने, सावकाश, अंगाखाली दोन्ही हात देऊन. नवखा माणूस वरून झडप घालतो किंवा डोकं धरायला जातो. मी सापाला लावलेल्या हातावरून माणूस जोखला. आता कळतं की साप नीट उचलता येणं आणि व्यवहार नीट असणं या दोन गोष्टींचा काडीचा संबंध नाही. वडिलांची गोष्ट सांगितली तर म्हणे, "दादा, माझे बाबापण त्याच गर्दीत होते!" ऊर भरून आला माझा.

"एक्झॉटिक रूम" बांधून देणं हा त्यांचा धंदा. गच्चीवरची खोली पाहून जे बोलले, त्यातलं एक वाक्य चुकीचं नव्हतं. गोम तीच. एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत ती धग खाली सोडत राहतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे तोच पारा दहाच्या खाली. सापाला स्वतःची ऊब नसते, तो जागा बदलून अंगाचं तापमान सांभाळतो. म्हणून पेटीचं एक टोक ३१-३२ अंश, दुसरं २५-२६, आणि कुठे बसायचं ते त्याचं तो ठरवणार. अख्खी खोली तापवत बसण्यापेक्षा खोली पंचविशीत स्थिर ठेवायची आणि वरची ऊब प्रत्येक पेटीत हीट मॅटने, म्हणजे विजेवर तापणाऱ्या चटईने, द्यायची. त्यासाठी पश्चिमेची भिंत आणि छत, दोन्हींना आतून दोन इंची एक्सपीएस शीट, म्हणजे उष्णता अडवणारा फोम, वर जिप्सम बोर्ड. पेट्या ७१० मार्काच्या मरीन प्लायच्या, कारण पायथनला दमटपणा लागतो. प्रत्येक पेटीला वेगळा जर्मन थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला मॅट आपोआप बंद-चालू करणारा. दाराखाली ब्रश, मोरीला बारीक जाळी, खिडकीला दुहेरी जाळी, कारण कॉर्न स्नेक करंगळीएवढ्या फटीतून पसार होतो.

कोटेशन दोन लाख साठ हजारांचं, लेटरहेडवर. जीएसटी नंबरही छापलेला. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की एका मिनिटात मालकाचं नाव दिसतं. मी टाकला, पण पुढच्या वर्षी. तो नंबर तिसऱ्याच कुणाचा निघाला.

सुरुवातीला दीड लाख, त्यातले एक लाख वीस हजार रोख, "मटेरियलवाले रोखच मागतात, दादा". पावती मागितली तर व्हॉट्सॲपवर एक अंगठा आला. तो अंगठाच माझी पावती. एकदा चहा पिताना सहज बोलावं तसं म्हणाले, "मांडूळ पाहिजे का? ओळखीत आहे." मी नाही म्हणताच हसले, "गंमत केली हो." खरं तर त्याच कपावर व्यवहार संपवायला हवा होता. गुप्तधनाच्या नादाने ज्या मांडुळांची तस्करी चालते, ती गमतीत विचारणारा माणूस बाकी कशात गंभीर असेल? पण खोली अर्धी झाली होती आणि पैसे अर्ध्याहून जास्त गेले होते.

कागदांचं सांगतो, कारण यात माझ्यासारखे बरेच अडकतील. फेब्रुवारी २०२४ मध्ये नवे नियम आले. साइट्स (CITES) या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत असलेले, म्हणजे वन्यजीव कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतले परदेशी प्राणी ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करायची, मुदत २८ ऑगस्ट. हे म्हणाले, "तुम्ही कुठे ऑफिसचे खेटे घालता? आपला माणूस आहे." एका सापाचे आठ हजार, पाचांचे चाळीस. जुलैत पाच सर्टिफिकेटं आली, गोल शिक्क्यासकट. ऑगस्टच्या मध्याला एका पायथनला तपासायला नेलं, तर डॉक्टरांनी कागद हातात घेऊन विचारलं, "अहो, दोन सापांचा नोंदणी क्रमांक एकच कसा?" मग दुसरा प्रश्न, "आणि कॉर्न स्नेकची नोंदणी कशाला?" कॉर्न स्नेक साइट्सच्या यादीतच नाही. ज्याला नोंदणी लागत नाही त्याचे सोळा हजार, आणि ज्यांना लागते त्यांची झालेलीच नाही.

त्या रात्री बायकोला शेजारी बसवून पोर्टलवर स्वतः अर्ज भरले. फोटो, जुन्या जाहीरनाम्याची पावती, माहिती. एजंट लागावा असं त्यात काही नव्हतं. गृहस्थांना फोन केला तर आवाज रडवेला. "दादा, एजंटने मलाच शेंडी लावली." दोन दिवसांत पंधरा हजार परत पाठवले. इथे मी दुसऱ्यांदा फसलो. परत आलेले पंधरा हजार बघून वाटलं, माणूस वाईट नाही. त्या पैशात त्यांनी माझे चार महिने विकत घेतले. दरम्यान खोली "पूर्ण" झाली आणि अडीच लाख पोचते झाले. शेवटचे दहा हजार तेवढे राहिले, तेही माझा पगार लांबला म्हणून.

खोली दिसायला सुरेख होती. पाच पेट्या, प्रत्येकीवर थर्मोस्टॅटची काळी पाटी, पाटीवर जर्मन नाव आणि राखाडी पडद्यावर तापमानाचे आकडे. एकदा पावसात दोन तास वीज गेली, तरी आकडे तसेच दिसत होते. मी बायकोला कौतुकाने म्हटलं, "बघ, आत बॅकअप आहे." हे वाक्य तिने जपून ठेवलंय. गरजेप्रमाणे काढते.

हीट मॅट दिवाळीनंतर लावा, असं त्यांनी सांगितलं होतं, म्हणून नोव्हेंबरात चालू केल्या. डिसेंबरात थंडी कडक पडली. एका रात्री अडीचच्या सुमाराला पाणी प्यायला उठलो तर जिन्यात तापलेल्या लाकडाचा वास. वर धावलो. तांबू, म्हणजे माझी सगळ्यांत जुनी पायथन, मॅटवर चिकटून बसली होती. पाटीवर आकडा ३१.४. कारखान्यातली तापमानाची गन नशिबाने बॅगेत होती. पेटीच्या तळावर धरली, ४७.८. तांबूला उचललं तर पोटाचे खवले हातभर लांबीत लालसर तपकिरी झालेले. साप भाजत असताना बाजूला का होत नाही, असं लोक विचारतात. खोलीतली हवा चौदा अंशांची होती. वरून गारठलेला साप खालच्या उबेला धरून राहतो, आणि हळूहळू भाजतं ते त्याला वेळेवर कळत नाही.

मेन बंद केला. पाचही पाट्या लखलखीत चालू.

चौदा वर्षांच्या नोकरीतला माणूस तिथे जमिनीवर बसून त्या पाट्यांकडे बघत राहिला. मग स्क्रू ड्रायव्हर आणला. पाटी उघडली तर आत मत्स्यालयवाल्यांकडे मिळतं तसलं दीडशे-दोनशे रुपयांचं थर्मामीटर, काळ्या टेपने चिकटवलेलं, दोन बटण सेलवर चालणारं. त्याची वायर पेटीच्या कोपऱ्यात, मॅटपासून दीड फूट लांब. मॅटची वायर पाटीच्या मागून सरळ प्लगमध्ये गेलेली. मध्ये काहीच नाही. कंट्रोल नावाची गोष्टच नव्हती, पंधरा-वीस रुपयांच्या छापील स्टिकरखेरीज.

सकाळी भिंतीवर टकटक केलं. दाराजवळ, जिथे त्यांनी मला "बघा, कापून दाखवतो" म्हणत निळी शीट दाखवली होती, तिथे बद्द आवाज. बाकी सगळीकडे पोकळ. ड्रिलने भोक पाडलं तर जिप्सम बोर्डमागे हवा आणि थेट वीट. छतात तर तीही निळी पट्टी नाही. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने बोर्ड उघडला आणि म्हणाला, "साहेब, अर्थिंगची वायर आहे, पण ती बोर्डात शिरून संपते. कुठे जोडलेलीच नाही." पाण्याची भांडी, हीटर आणि अर्थिंग नाही. कोटेशनमध्ये ३० मिलीअँपची आरसीसीबी, म्हणजे शॉक बसायच्या वेळी वीज तोडणारा स्विच, लिहिली होती, तिच्या जागी साधा एमसीबी, जो फक्त जास्त लोड आला की पडतो. मरीन प्लायवरचा ७१० चा शिक्का स्पिरिटच्या बोळ्याने पुसला गेला.

दार मात्र चोख होतं. ब्रश, रबर, आतून-बाहेरून कडी, कुठे पोस्टकार्ड जाणार नाही. त्याचं कारण जानेवारीत कळलं, जेव्हा ते काम करणारे सुतारकाका त्याच दारात उभे राहिले. "साहेब, त्यांचा फोन लागत नाही. माझे बावीस हजार राहिलेत. त्यांनी सांगितलं, तुम्हीच पैसे अडवलेत." मी त्यांना वर नेलं, पाटी उघडून दाखवली. काकांनी ती दोनदा उलटीपालटी करून पाहिली. "म्हणजे तुम्हालापण टोपी घातली," म्हणाले. सरकती काच बसवताना त्यांनी त्या माणसाला विचारलं होतं म्हणे, या पाटीला वायर एवढी बारीक का. उत्तर मिळालं, "जर्मन आहे, काका."

आता कुणाचीही खोली बघायला गेलो की पहिली गोष्ट एकच करतो. थर्मोस्टॅट खोलीच्या तापमानाच्या खाली सेट करतो आणि मॅटला हात लावून बसतो. पंधरा मिनिटांत गार झाली पाहिजे. मग सेटिंग पुन्हा वर नेऊन मॅट चालू होऊ देतो आणि प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, गरम करतो, हीटर बंद झाला पाहिजे. मग मेन बंद करतो, आणि पडदा विझला नाही तर बॅकअप कुठे आहे ते उघडून दाखवायला सांगतो. भिंत बंद होण्याआधीचे फोटो मागतो, एका कोपऱ्याचे नाही, चारी भिंतींचे. नव्या खोलीत रंगाचा आणि गमाचा वास असेपर्यंत साप ठेवायचाच नाही. आणि काम उन्हाळ्यात झालं असेल, तर मोठा हप्ता हिवाळा निघेपर्यंत हातात ठेवायचा. खोली डिसेंबरातच बोलते. हे सगळं मला कारखान्यात येत होतं. घरी मात्र कुणीतरी माझ्या सापाला सुंदर म्हटलं होतं. शिवाय सोसायटीपासून लपवल्यामुळे चार माणसांना विचारायची सोयही नव्हती. अशा माणसांचं दुकान आपल्या या गुपचूपपणावरच चालतं. आता शेजाऱ्यांना सांगून टाकलंय. एक काकू येणं बंद झाल्या, त्यांचा नातू रोज येतो.

तांबू वाचली. रोज जखम धुणं, सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम, भुशाऐवजी कोरा कागद. दोनदा कात टाकल्यावर खवले बरेच सावरले, डाग आहे. पोलिसांत अर्ज दिला. व्यवहार दिवाणी आहे की फसवणूक यावर बराच खल झाला, पण बनावट सर्टिफिकेटांमुळे अर्जाला वजन आलं. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. यूपीआयचे एक लाख तीस हजार बँकेच्या उताऱ्यावर आहेत. रोखीच्या एक लाख वीस हजारांसाठी मी आणि वकील त्या व्हॉट्सॲपच्या अंगठ्याकडे बघत बसतो. सुतारकाका साक्षीला यायला तयार आहेत. खोली त्यांनी आणि मी मिळून रविवारी-रविवारी पुन्हा बांधली. राहिलेले दहा हजार मी त्यांना दिले.

पुढच्या तारखेला पाचही पाट्या पुरावा म्हणून न्यायच्या आहेत. सध्या कपाटात आहेत. तिघींचे सेल संपले. दोन अजून चालू आहेत, कपाटातलं तापमान दाखवतात, काल २७.१ होतं.