नऊ महिने आणि एक ‘बीगल’: लाकडी जहाजाच्या किटचा अनुभव

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात जहाजाची छोटी लाकडी प्रतिकृती जुळवायच्या किटचा खोका घरी आला. या मार्चच्या शेवटी शेवटचा दोर बांधला. त्यालाही आता दोन महिने झाले, म्हणून लिहायला बसलो. खोका उघडल्याच्या संध्याकाळी मीही भारावलो होतोच, पण तेव्हाचं मत काही कामाचं नव्हतं.

किट आहे ‘बीगल’चं, 1:60 प्रमाणातलं. डार्विन 1831 ते 1836 जिच्यावर हिंडला तीच. खरं तर मनात होतं ‘त्रिंकोमाली’. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधून 1817 साली पाण्यात सोडलेली ही फ्रिगेट, म्हणजे लढाऊ जहाज, आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. पण तोफांच्या रांगाच्या रांगा असलेली फ्रिगेट पहिल्याच खेपेला मला झेपली नसती. ‘बीगल’ लहान, 27 मीटरच्या आसपास. प्रमाणात आणलं तर नुसता सांगाडा 46 सेंमीचा. जेवणाच्या टेबलाचं एक टोक नऊ महिने त्याच्या नावावर होतं, त्यावरून झालेले वाद इथे सांगत नाही.

किट, कुरिअर आणि कस्टम मिळून 17 हजारांच्या घरात गेले. लाकूड उत्तम. लेझरने कापलेला प्लायचा कणा आणि त्यावर बसणारी बल्कहेडं, म्हणजे जहाजाच्या आडव्या बरगड्या, एकमेकांत चपखल बसली, कुठे हातोडी लावावी लागली नाही. धातूचे भाग मात्र यथातथाच. एक नांगर वाकडा आणि होडीचं एक वल्हं गायब. कंपनीला ईमेल केला, पाच आठवड्यांनी वल्हं आलं, नांगर अजून यायचाय. कंपनीचं नाव लिहीत नाही, इतर कंपन्यांच्या किटचा अनुभव घेतलेल्यांकडूनही हेच ऐकलंय.

खरी तक्रार सूचनापुस्तिकेची. ती म्हणजे फोटोंचा अल्बम. बल्कहेडांच्या कडा नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, आणि मागे तिरक्या घासाव्या लागतात, तरच वरून लावायची लाकडी पट्टी कडेवर सपाट टेकते. सगळं जहाज या घासण्यावर उभं आहे आणि त्यासाठी पुस्तिकेत फोटो एक! मी अर्ध्या तासात उरकलं. पुढे पट्ट्या नुसत्या कोपऱ्यांवर टेकल्या आणि जहाजाच्या पोटात बरगड्या दिसायला लागल्या. चौथ्या दिवशी सगळं उचकटलं, बल्कहेडं पुन्हा घासली. या वेळी तीन संध्याकाळी लागल्या.

मग फळ्या. पहिला थर 2 मिमी जाडीच्या पट्ट्यांचा. गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवायच्या, हाताने वाकवायच्या आणि टाचण्यांनी धरायच्या. मी प्रत्येक पट्टी अख्ख्या रुंदीने लावत गेलो. सातव्या-आठव्या पट्टीला नाळेपाशी जागा संपली आणि पट्टी कड वर करून उभी राहायला लागली. त्याच आठवड्यात वेंगुर्ल्याचा मामा आला होता. आयुष्यभर मचव्यांच्या दुरुस्तीची कामं केलेला माणूस. चष्मा कपाळावर चढवून त्याने पाच मिनिटं सांगाडा न्याहाळला आणि म्हणाला, “तिका दाबू नको रे. ती खंय जाता ती आधी बघ, मगे तास.” पुस्तिकेच्या चाळीस पानांत नव्हतं ते एवढंच. जहाजाचा घेर मध्ये जास्त, नाळेशी कमी. वरपासून खालपर्यंत तेवढ्याच फळ्या मावायच्या तर प्रत्येक फळी नाळेकडे निमुळती हवी, फक्त निम्म्याहून बारीक होऊ द्यायची नाही. मागच्या बाजूला उलटं, तिथे फटी पडतात आणि पाचरी भराव्या लागतात. कणा धरून पट्टी नुसती टेकवायची, ती आपणहून कुठे वळते तिथे पेन्सिलची खूण करायची आणि तेवढं तासायचं. यानंतर एकही पट्टी उभी राहिली नाही.

पावसाळ्यात हे काम करू नका, असं पुस्तिका सांगणार नाही, ती जिथे छापली तिथे आपल्यासारखा पाऊस नसावा. मी ठाण्यात राहतो. जुलैत चिकटवलेल्या फळ्यांमध्ये ऑक्टोबरच्या उन्हात केसाएवढ्या फटी पडल्या. त्याच लाकडाचा भुसा फेव्हिकॉलमध्ये कालवून भरला. वरून अक्रोडाचा अर्ध्या मिलिमीटरचा दुसरा थर येतो, म्हणून निभावलं. या वरच्या थराला झटपट चिकटणारा गोंद लावायचा मोह होतो, पण त्याचे पांढरट डाग पॉलिशखालीही दिसतात. माझ्या जहाजाच्या डाव्या अंगाला आहेत, म्हणून उजवं अंग खोलीकडे.

डेकच्या पट्ट्या 5 मिमीच्या. हिशोब केला तर खऱ्या जहाजावर 30 सेंमी रुंद फळी! मी त्या उभ्या चिरून निम्म्या केल्या. कडांना पेन्सिल घासली की सांध्यातल्या डांबराची रेघ आपोआप दिसते. डेकच्या मागच्या टोकाला नकाशांची खोली आहे. मागची डोलकाठी याच खोलीतून खाली जाते. डार्विन तिथेच झोळीत झोपायचा आणि उंचीमुळे पाय मावेनात म्हणून कपाटाचा एक खण काढून जागा केली होती. किटमध्ये आत काही नाही, भरीव ठोकळा. निदान दार उघडं ठेवता आलं असतं.

दोरकामाला साडेतीन महिने गेले. डोलकाठीवर चढायच्या दोराच्या शिडीत आडव्या दोरांत 6 मिमी अंतर, प्रत्येक उभ्या दोरावर एक ‘क्लोव्ह हिच’ गाठ. गाठी मोजणं साडेसहाशेला सोडलं. मागे रेघा मारलेला कागद टाचला की अंतर चुकत नाही. गाठ घट्ट ओढली की उभे दोर आत खेचले जातात आणि शिडीची कंबर बारीक होते, माझी पहिली शिडी अगदी डमरू झाली होती. किटमधला दोरा लवदार, तो मेणावरून दोनदा ओढून घ्या. आणि 0.5 मिमीची ड्रिल बिटं दहाच्या पाकिटानेच घ्या, माझी सात मोडली.

किट घ्यावं का? रोज तासभर आणि टेबलाचा एक कोपरा वर्षभर मिळणार असेल तर जरूर. सुट्टीत मुलांना गुंतवायला म्हणून अजिबात नको.

काचेची पेटी मत्स्यालयवाल्याकडे सांगितली आहे, अजून तयार नाही. तोवर जहाज कपाटावर प्लास्टिकखाली आहे. गेल्या आठवड्यात जाळी काढताना झाडू लागला आणि पुढच्या परबाणाचं, म्हणजे शीड बांधायच्या आडव्या काठीचं, टोक मोडलं. उरलेल्या पट्टीतून नवं तासायचं आहे.